शिंप्याची न खाजणारी खरूज

शिंप्याच्या बोटांच्या बेचक्यांत जाड, पांढरट खपल्या धरल्या होत्या. कापड कापताना त्यांचा भुगा गिऱ्हाइकाच्या सुटावर पडायचा आणि तो फुंकर मारून उडवायचा. त्याच्या पोटात बहिणीची किडनी होती. शरीराने ती परकी मानून झिडकारू नये म्हणून रोजच्या गोळ्या होत्या. त्या उष्ण पडल्या म्हणून खपल्या आल्या, असं निदान त्याने स्वतःच केलं आणि कोणाला न विचारता बंद करायचं ठरवलं. बायकोने हे नणंदेच्या कानावर घातलं. नणंदेने त्याला तडक त्वचेच्या डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं.

बाईंनी खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. “खरूज आहे. किडे नुसते बुजबुजलेत.”

“खरूज? मला तर खाजतही नाही! घरातले बाकीचे खाजवतात.”

“त्यांना तुम्हीच दिलीत. गोळ्यांनी तुमच्या शरीराचे पहारेकरी गुंगलेत, म्हणून किडे माजले आणि खाजही कळली नाही. खरजेचं औषध देते. मलम घरातल्या सगळ्यांनी लावायचं. पण किडनीच्या गोळ्या सोडल्यात, तर किडनी जाईल.”

“उष्ण पडतात हो त्या,” शिंपी पुटपुटला.

“उष्ण म्हणे!” बहीण कडाडली. “पोट फाडून दिलीय मी. बंद करायला ती काय तुझ्या बापाची आहे?”

“आपला बाप एकच ना, ताई.”

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. ताई मात्र हसली नाही. तिने पिशवीतून पाण्याची बाटली आणि सकाळी चुकवलेली गोळी काढली, आणि त्याने ती गिळेपर्यंत त्याच्यापुढून हलली नाही.