भोक पाडलेलं इंजिन

आज आमच्या वर्कशॉपमध्ये एक नवंकोरं दिसणारं इंजिन आलं. त्यात दोष निघाला म्हणून कंपनीने गाड्या परत मागवल्या, इंजिनं उतरवली आणि एक आमच्या कॉलेजला दिलं. ते पुन्हा कुठल्याही गाडीत बसू नये म्हणून त्याला अंगठा जाईल एवढं भोक पाडलेलं होतं. तरी माझ्या वर्गातल्या वैशालीने त्याला हळदकुंकू वाहिलं.

सर हसले. "अगं, हे कधीच चालणार नाही."

"असू दे सर, आपल्याकडे आलंय ना."

मी नेहमीसारखी मागे उभी होते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. महागाच्या वस्तूला हात लावायचा नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. सरांनी पाना माझ्यापुढे धरला. "घे, बिघडवून दाखव."

पहिला बोल्ट करकरत सैल झाला. शिकायला अशीच वस्तू लागत असेल का, जिचं आपल्या हातून आणखी वाईट होऊच शकत नाही? मग मी थांबलेच नाही. झाकण निघालं आणि आत पिस्टन चमकले.

हात धुताना नखांतलं काळं ऑइल मी तसंच राहू दिलं. घरी दाखवायचं होतं.