भावोजींचं न गळणारं छप्पर

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, निवृत्त झाल्यावर छपरावर राहायला गेले. घराच्या नव्हे, गाडीच्या. कार्यालयातल्या निरोपाचे हार सुकायच्या आत त्यांनी एक जुनं मोटरहोम विकत घेतलं. आत बिछाने, बाक, शेगडी आणि कोपऱ्यात उभं राहून वळता येईल एवढं न्हाणीघर. ते दारात येऊन उभं राहिलं तशी ताईने आतून पुसून घेतलं, खिडक्यांना पडदे शिवले आणि शिडीवर चढलेल्या नवऱ्याला विचारलं, "मग, कधी निघायचं?"

"छप्पर तेवढं बघून घेतो," भावोजी वरून म्हणाले.

जायचं होतं लेकीकडे. लेक दोन दिवसांच्या वाटेवर राहते आणि तिला तेव्हा नुकतीच मुलगी झाली होती. नातीला एकदा मांडीवर घ्यायचं, एवढंच ताईचं मागणं. रेल्वे होती, बस होती. पण भावोजींचं म्हणणं असं की आपलं घर चाकांवर उभं असताना परक्या गाडीत धक्के का खायचे? ताईला ते पटलं. माझ्या ताईला नवऱ्याचं फार लवकर पटतं.

भावोजींची सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्याच्या गळती विभागात गेली. तिथे त्यांच्या हातून किती गळत्या थांबल्या हे त्यांना विचारू नये, माणूस दुखावतो. पण गळतीवर बोलायचा मान त्यांच्याकडे कायमचा आला होता, त्यामुळे कुणा कारागिराला छपराला हात लावू द्यायचा प्रश्नच नव्हता.

आत कपाटाच्या वर एक ओला डाग होता. भावोजींनी न्हाणीघरात लावतात ते सिलिकॉन आणलं आणि डागाच्या बरोब्बर वर, छपरावर, भरपूर फासलं. पाणी एकीकडून शिरतं, आतल्या आत सरकत जातं आणि भलतीकडेच टपकतं, हे गळती विभागात बहुधा सांगत नसावेत. डाग कपाटावरून बिछान्यावर गेला. भावोजीही सिलिकॉन घेऊन त्याच्या मागोमाग गेले. सगळं छप्पर फासून झाल्यावर त्यांना कळलं की या सिलिकॉनवर दुसरं काही म्हणजे काही चिकटत नाही, आधी ते पूर्ण काढावं लागतं. तिकडे नात पालथी पडायला लागली तेव्हा इकडे आजोबा पालथे पडून सिलिकॉन खरवडत होते.

ती रांगायला लागली तेव्हा ते पत्र्याच्या जोडांवर चिकटपट्टी दाबत होते. तिने पहिलं पाऊल टाकलं ते ताईने फोनवर पाहिलं. धावत अंगणात जाऊन तिने हाक मारली, "अहो, खाली या, बघा तरी!"

"रबरी रंगाचा पहिला हात दिलाय, ओला आहे. आता उतरता येत नाही."

लेक म्हणाली, आई, तू एकटी ये ना बसने. ताईने पिशवी भरलीही. तर भावोजी "मग ही गाडी मी कुणासाठी घेतली?" म्हणून जेवणाच्या ताटावरून उठले, ते दुसऱ्या दिवशीही बसेनात. ताईने पिशवी रिकामी केली. मला त्या दिवशी दोघांचाही सारखाच राग आला.

मी शाळेची बस चालवते. एकदा न राहवून म्हटलं, "भावोजी, माझ्याही बसचं छप्पर गळतं. गळतं तिथे मी कुणाला बसवत नाही. बस काही थांबत नाही."

"मेहुणीबाई, तुमची बस म्हणजे पत्र्याचा डबा. हे घर आहे."

शेवटी एकदाचं ते काम संपलं. भावोजींनी नळी लावून दिवसभर छपरावर पाणी मारलं. आत एक थेंब नाही. तरी मनाला खात्री हवी म्हणून त्यांनी छपरावरची हवेची खिडकीही चारी बाजूंनी चिकटवून टाकली आणि भिंतीतल्या जाळ्याही बुजवल्या. भोक म्हटलं की त्यातून गळणारच, हा त्यांचा सिद्धांत. मग आम्ही निघालो. चालवताना भावोजींचे डोळे थकतात म्हणून ताईने मलाही बरोबर घेतलं होतं.

संध्याकाळी एका पेट्रोल पंपाच्या आवारात थांबलो. थंडी होती, खिडक्या घट्ट लावल्या, आतच स्वयंपाक केला आणि तिघं झोपलो. सकाळी भावोजींच्या नाकावर थेंब पडला.

"गळलं!" ते ओरडून उठले.

सगळ्या छताला आतून थेंब लगडले होते. बाहेर लख्ख ऊन, रस्ता कोरडा ठाक. ताईने छतावरून हात फिरवला आणि ओला तळवा त्यांच्यापुढे धरला. "अहो, पाऊस कुठाय? हा आपल्याच तिघांचा श्वास आहे. तुम्ही त्याला जायला वाट ठेवली नाहीत."

"जोडातून आलंय. परत फिरू. पुन्हा सगळं खरवडावं लागणार." आणि खोटं कशाला सांगू, हे म्हणताना त्यांचा चेहरा खुलला होता. सुट्टी मिळालेल्या पोरासारखा.

तो चेहरा ताईनेही पाहिला. तिने भाजीची सुरी घेतली, बाकावर चढली आणि हवेच्या खिडकीभोवतीचा तो रबराचा थर कापत सुटली. भावोजी असे कळवळले की सुरी जणू त्यांच्याच पाठीवर चालली होती. तिने खांदा लावून झाकण वर ढकललं तेव्हा बिजागरीचा तुकडा पडला आणि गार हवा आत आली. खाली उतरून तिने गाडीची किल्ली भावोजींच्या उशाखालून काढली आणि माझ्या हातात दिली.

"अगं, पण पाऊस आला तर?" भावोजी म्हणाले.

"भिजू."

दुपारी पाऊस आलाच. मोडकं झाकण बसेना. भावोजी त्या खिडकीखाली मांडीवर पातेलं घेऊन बसले आणि ते किती भरलं हे दर वळणावर आम्हाला सांगत राहिले. ताई माझ्या शेजारी पुढे बसली होती. तिने एकदाही मागे पाहिलं नाही.

लेक फाटकातच उभी होती, नात तिचं बोट धरून. गाडी नीट थांबायच्या आत ताई उतरली, ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसली, दोन्ही हात पसरले आणि रोज फोनवर मारायची त्याच लाडक्या नावाने हाक मारली.

नातीने तिच्याकडे पाहिलं, आणि सरकत सरकत आईच्या मागे जाऊन लपली.

"लाजतेय," गाडीच्या दारातून भावोजी म्हणाले. पातेलं अजून हातातच होतं.

"लाजत नाही," ताई म्हणाली. हात तिने तसेच ठेवले होते. "ओळखत नाही."