दाजींच्या मशीनला देस्पासिओ

"देस्पासिओ! देस्पासिओ!"

मशीन बसवायला स्पेनहून आलेला इंजिनिअर स्टुलावर चढून असा ओरडत होता, की तिकडं सांगलीला कृष्णेतल्या मगरींनी डोकी वर काढली असतील. मी दाजींच्या, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याच्या, कानाशी गेलो.

"दाजी, हळू म्हणतोय. वेग उतरवा."

"पाव्हणं," दाजी हसरं तोंड न मोडता म्हणाले, "चार गावं बोलावल्यात."

तासगावात ट्रॅक्टर आणला तरी हार, नारळ, पेढे, आणि मग मालकानं तो सगळ्यांदेखत पळवून दाखवायचा. इथं तर बेदाणा निवडायचं परदेशी मशीन होतं. मांडव घातलेला, फेटे बांधलेले. पट्ट्यावर हंगामातला सगळ्यात देखणा हिरवा बेदाणा, कारण पहिल्या रांगेत बसलेला व्यापारी तो निवडून निघालेला बघून वर्षाचा सगळा माल उचलणार होता.

दुभाषा मी. माझं स्पॅनिश साताऱ्याच्या एका निवृत्त सुभेदारांच्या शिकवणीतलं. फौजेकडून स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखात वर्षभर राहून आलेला माणूस. क्रियापदंसुद्धा परेडला उभी करायचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "देस्पासिओ म्हणजे हळू. बाई असू दे, बाप्या असू दे, एक असू दे, पलटण असू दे, शब्द बदलत न्हाई. समोरच्याची मशीनगन सुटली की म्हणायचं, मास देस्पासिओ, पोर फावोर. जरा हळू, कृपा करून." दोन महिन्यांत मी तो शब्द इतका घोटला, की घाटात एसटीच्या ड्रायव्हरलाही ऐकवला.

इंजिनिअर आता माझ्यावर सुटला. मी म्हणालो, "मास देस्पासिओ, पोर फावोर." आणि काय सांगू, तो थांबला. एकेक शब्द सुटा करून बोलला: ओला माल, नवा पट्टा, पहिला तासभर देस्पासिओ. सातासमुद्रापलीकडचा माणूस एका शब्दात ऐकतो. आमच्या दाजींना तोच शब्द मी मराठीत तीनदा सांगितला.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "एवढंच पळतंय व्हय?"

झालं. दाजींनी वेगाचं बटण शेवटापर्यंत पिळलं. बेदाणा गारांसारखा उडाला. फेट्यांत बेदाणे, पेढ्यांत बेदाणे, भटजींच्या तांब्यात बेदाणे. उरलेला पट्ट्याखाली दळून त्याचा लगदा झाला. इंजिनिअरनं वायर उपटली. व्यापाऱ्यानं तो चिकट गोळा दोन बोटांत धरून बघितला, हात धुतले आणि "बघू पुढच्या वर्षी" म्हणत गाडीत बसला.

मांडव रिकामा झाल्यावर माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. म्हणालो, "दाजी, अक्कल वापरायला परवाना लागतो काय तुमच्यात? एक तास हळू चालवलं असतं तर काय बिघडलं असतं?"

दाजी फेट्यातला बेदाणा काढून चघळत होते.

"लोकं म्हणाली असती, जुनं मशीन घेतलंय."