दुसरा दगड

शोभा कांबळे नव्या दगडाशी ओळख करून घ्यायच्या ती नाकाने. नमुना फोडायचा, हुंगायचा आणि मान वर करून म्हणायचं, "वास तर येतोय. वासावर कारखाना चालतो का, ते बघू."

वाघोलीच्या आमच्या सल्लागार कंपनीत त्या भूवैज्ञानिक, मी त्यांचा वरिष्ठ. ऑइल शेल, म्हणजे तापवल्यावर तेल सोडणारा खडक. त्याचा एक डोंगर खणणं परवडेल का, हे आम्हाला तपासायचं होतं. प्रकल्पाच्या मालकांना 'हो' हवं होतं. बाईंचा अहवाल 'नाही' म्हणत होता.

"शब्द जरा मऊ करा," मी सुचवलं.

"साहेब, त्या डोंगरावर गाव आहे. शब्द मऊ केले की घरं उठतात."

बैठकीत त्यांनी बुधवार पेठेतून आणलेली काचेची नळी आणि स्पिरिटचा दिवा टेबलावर मांडला. खडकाचा चुरा तापवला. नळीच्या टोकातून तेल ठिबकू लागलं तशा टाळ्या पडल्या. मालक खुशीत म्हणाले, "अहो बाई, मग अडतंय कुठं?"

"दुसऱ्या दगडाशी."

मिळालेलं तेल त्यांनी रिकाम्या दिव्यात ओतलं, वात पेटवली आणि तेवढाच नवा चुरा तापायला ठेवला. सगळे वाकून बघत होते. नळी काजळली. ज्योत फडफडली, विझली. थेंब एकही पडला नाही.

"एवढ्याशा दिव्यात उष्णता वाया जाते हो!" मालक म्हणाले.

"मोठ्या भट्टीचं गणित अहवालात आहे. तिथंही हा खडक स्वतःच्या तेलावर सख्ख्या भावाला तापवू शकत नाही."

प्रकल्प तिथेच संपला. गाव आजही डोंगरावर आहे.

पुढे प्रत्येक प्रस्तावाला आम्ही हीच कसोटी लावू लागलो. परिषदांमधून ती मी मांडायचो, म्हणून सगळे तिला माझ्या आडनावाने 'जोशी चाचणी' म्हणू लागले. मी कधी कुणाला थांबवलं नाही. ते ओझं वर्षानुवर्षं बाळगलं.

गेल्या महिन्यात बाईंच्या निरोप समारंभाला मला बोलावलं होतं. काठी टेकत उठलो आणि म्हणालो, "ही चाचणी कांबळेबाईंची आहे. मी तर त्यांना शब्द मऊ करायला सांगत होतो." सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात.

बाईंनी त्या शांतपणे ओसरू दिल्या. मग म्हणाल्या, "हा पहिला दगड झाला, साहेब. अहवालांमधलं चाचणीचं नाव बदललं की दुसरा."

सोमवारी आमच्या जुन्या ऑफिसात ठाण मांडून बसलो. नाव बदललं गेलं, तेव्हाच त्यांना फोन लावला.

पलीकडून टाळी ऐकू आली. एकच, पण खणखणीत.