श्यामसुंदरांच्या फ्लॉपीतला व्हायरस

आज पोथी उघडली, पण मन लागेना. वरच्या मजल्यावरचे श्यामसुंदर परवा गेले. सकाळपासून तेच डोळ्यांपुढे आहेत.

मुलुंडात आमच्या बाजूला कुणी कॉम्प्युटर पाहिलाही नव्हता, तेव्हा या माणसानं कारकुनी सोडून घरातच बाहेरच्या खोलीत क्लास काढला. एकच मशीन. चपला दाराबाहेर, पाय पुसून आत, देवळात जावं तसं. धडा संपला की मुलांना थोडा वेळ खेळायला मिळे. पडद्यावर ठिपक्यांचा एक माणूस उड्या मारी. खेळाच्या फ्लॉप्या ते अंधेरीहून कॉपी करून आणत. त्या उड्यांसाठीच मुलं टिकतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग पेपरात काहीतरी छापून आलं आणि जिन्यात, भाजीवाल्याकडे, सगळीकडे एकच: खेळाच्या फ्लॉपीत व्हायरस दडवलेला असतो, मशीनमधलं सगळं पुसून टाकतो. श्यामसुंदर हसायचे. "अहो वहिनी, असतो एखादीत. मी तपासून घेतो ना!"

त्या दसऱ्याला त्यांच्या बायकोनं, नीलानं, मशीनची पूजा केली. झेंडू वाहिला, पुढे मांडलेल्या एकेका फ्लॉपीला हळदकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी एक फ्लॉपी चालेल तर शपथ. त्यात ते सोसायटीची पत्रं टाइप करून ठेवत, ती फ्लॉपीही होती. सेक्रेटरी भाऊराव खवळले. "लागली ना वाट? तुझ्या खेळातला व्हायरस रे हा!" बघता बघता निम्मी मुलं यायची थांबली.

श्यामसुंदरांनी मशीन खोललं, आत कापूस फिरवला आणि तो मीटिंगमध्ये सगळ्यांपुढे धरला. लालभडक. "फ्लॉपीच्या खाचेतून कुंकू आत गेलंय. व्हायरस नाही. डोळ्यांनी बघा."

तळमजल्यावरच्या रुक्मिणीकाकू म्हणाल्या, "म्हणजे देवीच्या कुंकवानं बिघडलं? खेळ आणणार तू आणि बोल देवीला?"

"स्वतःच्या बायकोवर ढकलतोय," भाऊराव म्हणाले. "झकास!"

नीला तोंडाला पदर लावून निघून गेली.

मी रोज देवीला कुंकू वाहणारी बाई. पण कुंकू म्हणजे शेवटी पूडच. यंत्रात गेली तर घासणारच. त्यात देवीचा अपमान कुठून आला, मला आजही कळलेलं नाही.

दिवाळीनंतर क्लासला कुणीच उरलं नाही. मशीन भंगारवाल्यानं नेलं. पुढची सगळी वर्षं श्यामसुंदर मालाडच्या एका गोदामात पावत्या फाडत राहिले. संक्रांतीला नीलाला बोलावणी येईनाशी झाली. अलीकडे खाली मुलं मोबाईलवर खेळत बसलेली दिसली, की श्यामसुंदर क्षणभर वाकून बघत आणि जिना चढत.

आज नीलाला भेटायला गेले, तेव्हा भाऊरावांची नवी नातसून शीतलही तिथे होती. बोलता बोलता सहज म्हणाली, "आजी, गेममधून व्हायरस ज्यांनी आणला होता असं घरी सांगतात, ते हेच का?"

मी नीलाकडे पाहिलं. आता तरी बोलेल, असं वाटलं. तिनं फोटोवरचा हार सरळ केला.

"हो गं," ती म्हणाली. "हेच."