मार्फत नको

वाशीमच्या टपाल कचेरीत तक्रारीच्या खिडकीवर बसणारा तो बाबू कधी हसलेला मला आठवत नाही. चिठ्ठी पोचली नाही म्हटलं, की तो आधी चष्मा पुसायचा आणि मग विचारायचा, "पोचली नाही, का कोनं देली नाही?"

मी नोकरीपायी वाशीमात राहायचो आणि माय गावी, आमच्या बौद्ध वस्तीत. तिला लिहिलेली पत्रं गावातल्या एका दुकानदाराच्या मार्फत जायची आणि त्याच्या दुकानातच पडून राहायची. हे ऐकून बाबू म्हणाला, "मार्फत कायले पायजे? मायले नाव नाही काय?"

मग मी थेट मायच्या नावानं पत्र टाकलं. तेही परत आलं. पोस्टमन वस्तीत विचारत फिरला होता, पण या नावाची इथं कोणी नाही, असं ओट्यावरच्या बायकांनी त्याला सांगितलं. त्या बायकांत माय स्वतः बसली होती, हे मला नंतर कळलं.

ते मी खिडकीवर जाऊन बाबूला सांगितलं. वाटलं, आता तरी हा माणूस हसेल. त्यानं चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिला.

"त्या नावानं तिले हाक कोन मारते?"

"कोनीच नाही. सारे माह्याच नावानं, सिधाची माय म्हन्तात."

"मंग चिठ्ठी कशी पोचन? पयले तुमी जा. हाक मारून या."

रविवारी मी गावी गेलो. अंगणात उभं राहून मायला तिच्या नावानं हाक मारली. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मग मागं वळून पाहिलं, आपल्या पाठीशी कोण उभं आहे ते.