चकव्याने आखलेली वाट

थोरल्या बहिणीचं शिवणयंत्र खिडकीशी होतं, त्यामुळे धाकटा भाऊ कचेरीतून येताना घर ओलांडून पुढे निघाला की तिलाच आधी दिसायचं. "अरे, इकडे!" ती ओरडायची. मग स्वारी ओशाळं हसत मागे फिरायची. जन्म या गल्लीत गेला आणि गल्लीच सापडत नाही, आता बोला! त्याचं नाव चकवा पडलं ते काही उगाच नाही.

गंमत म्हणजे हा मोजणी कचेरीत नकाशे काढायचा. कागदावर केसाएवढी चूक सापडायची नाही. रस्त्यावर मात्र कोणी भेटलं की गप्पांत रंगायचा आणि पाय नेतील तिकडे जायचा.

युद्ध लागलं आणि हवाई दलाने त्याला कशाला घ्यावं? बॉम्बफेकी विमानाला वाट दाखवायला! ऐकून गल्लीतला न्हावी इतका हसला की गिऱ्हाइकाचा अर्धा गाल तसाच राहिला. बहीणही हसली. गणवेशाच्या बाहीवर पेन्सिलींसाठी चार खण शिवता शिवता ती म्हणाली, "चुकायचं तर एकटा चूक बाबा. बरोबरच्या सहा जणांना नेऊ नकोस."

"अगं ताई, तिथे माझ्या टेबलाभोवती पडदा असतो," तो म्हणाला. "बाहेरचं काही दिसत नाही. वेग, वारा, घड्याळ आणि कागद. शिवाय गप्पा मारायला कोणी येत नाही!"

आणि पठ्ठ्याने नाव काढलं. होकायंत्र फुटलेलं विमान एकदा त्याने नुसत्या ताऱ्यांच्या आधाराने तळावर आणलं. शौर्यपदक जाहीर झालं. समारंभ आपल्याच शहरात. मोठे साहेब पदक घेऊन ताटकळले, बँड दोनदा वाजून झाला, तरी वीराचा पत्ता नाही. शेवटी बहिणीने त्याला मागच्या गल्लीतल्या धोबिणीकडून बाहीला धरून ओढत आणलं. वाळत घातलेल्या चादरींवरून वारा कसा ओळखायचा, ते तो तिला समजावत होता.

चार महिन्यांनी तार आली. भाऊ विमानात कामी आला, एवढंच. बाकीच्यांचं काय झालं, त्याबद्दल अवाक्षर नाही. गल्ली हळहळली, पण न्हाव्याच्या तोंडून निघालंच, "वाट चुकला असेल बिचारा."

"तोंड आवर!" म्हणत तिने त्याला चांगलं फैलावर घेतलं. पण यंत्रावर बसली तर टीप सरळ पडेना. तिलाही तेच वाटत होतं ना! त्या सहा जणांच्या सहा आया तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. आपण तसं बोललो तेच भोवलं, असं तिच्या मनाने घेतलं.

एका दुपारी कुबडी घेतलेला एक माणूस खिडकीपाशी आला. "ताई ना? मी त्याच्या विमानाचा वैमानिक. त्याने घराचा नकाशा काढून दिला होता, म्हणून कोणाला न विचारता आलो."

तिच्या हातातली कात्री खाली पडली. "तुम्ही जिवंत आहात? आणि बाकीचे?"

"सगळे आहेत. तोच नाही."

मग त्याने सांगितलं. परतताना तोफेच्या गोळ्याचा तुकडा भावाच्या पोटात घुसला होता. हा बोललाच नाही कोणाला. पडद्यामागून वळणं सांगत राहिला, पुढची सगळी कागदावर लिहून वैमानिकाकडे पाठवली. नंतर त्याचा आवाज येईना, म्हणून पडदा सारून पाहिलं, तर पेन्सिल हातातच होती.

वैमानिकाने तो कागद पुढे केला. तळाशी तिच्या भावाचं अक्षर होतं: पोहोचण्याची वेळ, पाच चाळीस.

"मग? कधी उतरलात?"

"पाच एक्केचाळीस."

"म्हणजे एक मिनिट चुकलाच की मेला!" ती हसली, आणि हसता हसता पदराने तोंड दाबून रडायला लागली.

"ते मिनिट माझं, ताई," वैमानिक म्हणाला. "चाकं उतरवायला मीच उशीर केला."

तिने डोळे पुसले, कागद घेतला आणि तशीच न्हाव्याच्या दुकानात शिरली. "वाच," ती म्हणाली. "मोठ्याने. आणि वळणं एकूण एक वाच."